उलथणंबाई वीस मिनिटं लवकर येतात

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, पहिल्या मजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीत, बाईंनी एक हात टेलरकाकांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली. "एक, दोन," म्हटलं, आणि तीन म्हणायच्या आत काका डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर गेले. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. चादरीवरून तळहात फिरवून एकही सुरकुती राहिली नाही ना ते पाहिलं, भिंतीवरच्या चार्टवर वेळ लिहिली आणि सही केली. त्याआधी दारातूनच त्यांनी रोजची हाक दिली होती, "काका, ओलं की कोरडं?" आणि काकांनी रोजचं उत्तर दिलं होतं, "कोरडं." डायपर तपासला, तर खरंच कोरडा.

वृद्धांच्या या शुश्रूषागृहात पहिल्या मजल्यावर सतरा जण राहतात. त्यांतल्या सहा जणांना आपली आपण कूस बदलता येत नाही. माणूस एकाच बाजूवर फार वेळ पडून राहिला की हाडावरची कातडी दबते, लाल होते, मग फाटते. त्यात ओल राहिली तर आणखी लवकर फाटते. याला बेडसोर म्हणतात. दर दोन तासांनी वळवायचं आणि कोरडं ठेवायचं, हे त्यावरचं काम. बाई ते अकरा वर्षं करत आहेत आणि त्यांच्या मजल्यावर अकरा वर्षांत एकही नवा बेडसोर झालेला नाही. सहाही जणांची मिनिटं ठरलेली. टेलरकाकांची दहाची.

"उलथणंबाई" हे नाव टेलरकाकांच्या खोलीतल्या वकीलसाहेबांनी ठेवलं. नाव बदलायला सांगितलं तर दुसरं याहून वाईट निघेल, हे ओळखून बाईंनी ते चालवून घेतलं.

इथे येण्याआधी त्या नऊ वर्षं अंडी उबवण्याच्या केंद्रात होत्या. तिथे अंडी ठरल्या वेळी फिरवावी लागत, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटायचं. "काम तेच आहे," त्यांनी इथल्या मुलाखतीत सांगितलं होतं, "फक्त अंडी तक्रार करत नाहीत." नोकरी तिथल्या तिथे मिळाली. सवय मात्र घरीही सुटत नाही. रविवारी दुपारी नवरा आडवा झाला की दोन तासांनी त्याची कूस बदलली जाते. तो आता डोळेही उघडत नाही. सासूबाईंवर हा प्रयोग एकदाच झाला. "सूनबाई, मी अजून आहे आणि माझी मी वळते," असं त्यांनी बजावलं, आणि पुढचा आठवडाभर त्या खुर्चीत बसून झोपल्या.

टेलरकाकांचा बेडसोर या मजल्यावरचा नव्हता. खुब्याचं हाड मोडून ते पाच आठवडे इस्पितळात होते, आणि माकडहाडावरची जखम घेऊनच इथे आले. चार सेंटिमीटर लांब, तीन रुंद. दर गुरुवारी अकरा वाजता मेट्रन ती कागदी पट्टीने मोजायच्या. आठ गुरुवार झाले, तरी पट्टी चारच दाखवत होती. नवव्या गुरुवारी मोजून झाल्यावर मेट्रननी बाईंना बाहेर बोलावलं.

"हा चार्ट बघा. सहा दहा, आठ दहा, दहा दहा, बारा दहा. काल तेच, परवा तेच, दोन महिने तेच."

"मग वेळ तीच आहे ना."

"खऱ्या माणसाची वेळ कधीतरी दोन मिनिटं चुकते, बाई. बाकीच्या पाळ्यांचं बघा, कुठे दोन बावीस, कुठे चार पाच. तुमचं एका जागी बसून लिहिल्यासारखं दिसतं."

"म्हणजे मी वळवत नाही?"

"मी म्हणत नाही, जखम म्हणते. पुढच्या गुरुवारी मापात फरक दिसला नाही तर खाली धुलाईत जा. तिथे चादरी वळवा."

चादरी वळवल्या काय आणि नाही काय, चादरीला फरक पडत नाही, एवढं बाईंच्या मनात आलं.

एक गोष्ट त्यांना कित्येक आठवड्यांपासून खुपत होती. जखमेच्या खालच्या कडेला एक लाल रेघ उमटायची. आखून काढावी तशी सरळ, आणि तिच्यावर सारख्या अंतराने बारीक ठिपके. बाईंनी आधी चादरीला दोष दिला आणि चादर बदलली. मग चादरींना इस्त्री सुरू केली, त्यावर बाकीच्या आयांनी "आता म्हाताऱ्यांनाही घडी घालणार का?" असं विचारून घेतलं. मग मेणकापडाची कड तपासली. रेघ हलली नाही.

शुक्रवारी साडेदहाला त्या चार्टसमोर उभ्या राहिल्या आणि मेट्रनच्या नजरेने तो वाचू लागल्या. आपल्या सह्यांमध्ये खोटं काय दिसतं ते त्यांना शोधायचं होतं. डोळ्यांत भरलं ते भलतंच. दुपारच्या आणि रात्रपाळीच्या रकान्यांत रोज ओलं, ओलं, ओलं. सकाळच्या रकान्यात कोरडं, कोरडं, कोरडं. शेजारी पाण्याची नोंद होती: सकाळपासून तीन कप चहा, चार पेले पाणी.

"काका, एवढं पाणी जातं कुठे हो?"

"वाफ होते," वर्तमानपत्राआडून वकीलसाहेब म्हणाले.

वकीलसाहेब कोणासाठी फुकट बोलत नसत. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गॅलरीकडे. कठड्यावर त्यांचा काळा कोट वाळत होता. साहेब कोर्टाची पायरी चढल्याला चौदा वर्षं झाली होती आणि कोट रोज वाळत होता.

त्या दिवशी अकरा पन्नासला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, बाई वेळेच्या आधी गेल्या. हाकही दिली नाही.

वकीलसाहेबांच्या एका हातात काकांचं पांघरूण होतं, दुसरा हात त्यांच्या चामडी बॅगेत कोपरापर्यंत गेलेला. "ऑब्जेक्शन!" ते ओरडले. तो ठरवलेला इशारा असावा, पण उशिरा आला.

"बाहेर काढा ते," बाई म्हणाल्या.

"ही विनापरवाना झडती आहे."

"काढा."

बॅगेतून एक जाड पॅड निघालं. फ्लॅनेलचे तीन थर, मध्ये कापूस, कडा दुमडून दुहेरी शिवलेल्या, आणि बरोबर मधोमध दोन तुकडे जोडणारी बोटाएवढी जाड शिवण. टाका इतका बारीक की मशीनने लाजावं. धुलाईवाले दोन महिने जी चादर शोधत होते, ती हीच. पॅड चिंब होतं.

"तुमची वेळ बारा दहाची आहे," टेलरकाकांनी उलट तक्रार केली.

"आणि ही चादर धुलाईची आहे. हे डायपरच्या आत कधी घालता?"

"तुमची पाठ वळली की," वकीलसाहेबांनी सांगून टाकलं. "आणि तुम्ही यायच्या वीस मिनिटं आधी काढतो. तुमच्यावर घड्याळ लावावं इतक्या तुम्ही पक्क्या, म्हणून तर जमलं. दोन आहेत, एक कोटाखाली वाळतं. दुपारच्या बायांचा नेम नाही आणि मला नऊ वाजता झोप येते, त्यामुळे सेवा फक्त सकाळची."

"पण कशासाठी? डायपर आहे की अंगावर!"

काका भिंतीकडे पाहत बोलले, हळू, पण एकही शब्द न गाळता. "तुम्ही दारातून ओरडता. ओलं की कोरडं. तुमचं ऐकून दुपारपाळीच्या बायाही ओरडायला लागल्या. समोरच्या खोलीत चार बायका आहेत, त्यांतल्या दोघींचे ब्लाउज माझ्या दुकानात शिवलेत. पन्नास वर्षं मी लोकांची मापं कुजबुजत घेतली, बाई. कोणाच्या कमरेचा आकडा दारातून ओरडलो नाही."

बाईंनी तोंड उघडलं. अर्ध्या मजल्याला ऐकू येत नाही म्हणून त्या ओरडत, हे खरं होतं. पण काकांना टाचणी पडलेली ऐकू येते, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि ड्रॉवरमधून छोटा आरसा काढला.

"बघा स्वतः. ही ओल दीड-दीड तास जखमेला लागून राहते. आणि ही रेघ तुमच्या शिवणीची आहे."

"माझी शिवण टोचते? आजवर एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही!"

"गिऱ्हाइकं उठून चालत होती. बघा."

एका हाताने बाईंनी आरसा धरला, दुसऱ्याने टॉर्च. काका बराच वेळ निरखत राहिले. "माझीच आहे," शेवटी ते म्हणाले. "टाक्याचं अंतर चुकलेलं नाही."

"तुमचं चुकलेलं नाही, माझं चुकलेलं नाही, आणि गुरुवारी मी चालले धुलाईत."

"धुलाईत कशाला?"

मेट्रन काय म्हणाल्या ते बाईंनी सांगितलं. वकीलसाहेबांनी बॅग बंद केली.

"हे आधी का नाही सांगितलंत?" काका म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत मला?"

त्यावर तडजोड झाली आणि वकीलसाहेबांनी तिची कलमं वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतली. पॅड बंद. ओलं झालं की काकांनी बेल वाजवायची, दोन तासांची वाट पाहायची नाही. बाईंनी जवळ येऊन विचारायचं, आणि दारातून विचारावंच लागलं तर "फिटिंग कसं आहे?" एवढंच. ओलं असेल तर उत्तर "सैल". शेवटचं कलम बाईंनी घातलं: दोन वेळांच्या मध्ये त्या कधीही येतील, न सांगता.

"कधीही म्हणजे किती वाजता?" वकीलसाहेबांनी पेन उचललं.

"तेच तर सांगणार नाही."

ठरल्या मिनिटाशिवाय खोलीत शिरायचं म्हणजे बाईंना पायात दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं व्हायचं. पहिल्या दिवशी त्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरल्या. तिसऱ्यांदा आत गेल्या. शनिवारी काकांनी पहिल्यांदा आपण होऊन बेल वाजवली. बाई कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

"काका, फिटिंग?"

"सैल झालंय!"

"मग टाका घाला की!" समोरच्या खोलीतून आवाज आला. "माझ्या ब्लाउजच्या वेळी तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या तुम्ही!"

"दोन!" काका ओरडले. तिसरी फेरी बाह्यांसाठी होती, ती ते धरत नव्हते. हा वाद सोमवारपर्यंत चालला आणि त्या तीन दिवसांत बेल अकरा वेळा वाजली.

गुरुवारी अकरा वाजता मेट्रन आल्या. ड्रेसिंग काढलं. लाल रेघ गेली होती. पट्टी एकदा लावली, पुन्हा लावली.

"तीन पूर्णांक आठ."

"सात," हातातल्या आरशात बघत टेलरकाका म्हणाले. "पट्टी तिरकी धरलीत तुम्ही."

मेट्रननी पट्टी सरळ केली. आकडा आठच आला, आणि तोच त्यांनी लिहिला. मग चार्टवर नजर टाकली. सहा दहा, आठ दहा, दहा दहा. तेच आकडे, तीच सही. सकाळच्या रकान्यात मात्र ओलं, ओलं, कोरडं, ओलं.

"काय वेगळं केलंत, बाई?"

"वळवणं तेच आहे. चार्टवरचं वळवणं खोटं नव्हतं, कोरडं खोटं होतं." आणि बाईंनी सगळं सांगितलं. फ्लॅनेलची चादर, शिवण, कोट, आणि आपली दारातली हाक.

"माझ्या अशिलाने कबुली दिलेली नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"दिलीय," टेलरकाका म्हणाले. "शिवण माझीच होती."

मेट्रननी वकीलसाहेबांची बॅग आठ दिवस उन्हात ठेवायला लावली आणि धुलाईला चादर सापडल्याचा निरोप धाडला. बाईंबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. जाताना चार्टवर पेन्सिलने एक ओळ तेवढी वाढवली.

उद्या शुक्रवार. धुलाईच्या कामाच्या यादीत बाईंचा उल्लेख नाही. पहिल्या मजल्याच्या चार्टवर टेलरकाकांची पहिली वेळ सहा दहाची आहे, कूस डावी. त्याखाली पेन्सिलची ती ओळ आहे, 'अधलीमधली फेरी', आणि तिच्यापुढचा वेळेचा रकाना कोरा आहे.