चाकाचा आऊट

नगरपालिकेने खोदून ठेवलेल्या रस्त्यावरून थंडीभर फिरल्याने माझ्या सायकलचे मागचे चाक आऊट झाले, म्हणजे डुलू लागले. आज साखळी रॉकेलने धुतली आणि संतापाच्या भरात चाकाच्या साऱ्या तारा आवळल्या. चाक अधिकच वाकडे झाले.

शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली. माझ्या पत्रांबद्दल ठाऊक असलेले दुकानदार रहीमभाई हसले. “साहेब, हे काय तक्रारपत्र आहे, सगळीकडून आवळायला? एका बाजूची तार आवळली, की दुसऱ्या बाजूची सैल सोडायची.”

त्यांनी तसे करताच चाक ब्रेकच्या रबरांमधून निःशब्द, सरळ फिरू लागले.

त्या रस्त्यासाठी मी नगरपालिकेला नऊ पत्रे लिहिली होती. उत्तर एकाचेही नाही. आज घरी येऊन दहाव्यात कायद्याची कलमे तशीच ठेवली, कायदा सैल सोडता येत नाही, मात्र कोर्टाची धमकी खोडून लिहिले : “खड्डे दाखवण्यास मी सायकलवर हजर राहीन. आपल्या सोयीची वेळ कळवावी.”