फुगलेले परागकण

उमरीची लुंबिनी गरीब स्वभावाची, असं लोक म्हणायचे. लोकांना काय कळतंय! पोरगी सहा वर्षं मनात डूख धरून होती.

तळ्याचा खोल गाळ काढून, आम्लात धुऊन तिनं त्यातले हजारो वर्षांपूर्वीचे परागकण स्लाइडवर घेतले होते. त्या काळी तिथं कुठलं रान होतं, कुठलं पीक होतं, ते त्यांवरून कळतं. तिचे नांदेडचे पीएचडीचे गाइड नरसिंग सर. त्यांनी स्लाइड कपाटात घातल्या आणि तिला वाटेला लावलं.

एके दिवशी सरांचा फोन आला. आवाज कसा, तर साखर!

"लुंबिनी, बरी हाय ना? त्या स्लाइड जेलीत लावल्या होत्यास का तेलात?"

तिला लगेच कळलं. रानगवताचा कण लहान, ज्वारीचा मोठा. ओळखायचं ते मापावरूनच. जुने संशोधक सर्रास ग्लिसरीन जेली वापरायचे. पुढं ध्यानात आलं, की जेलीत कण वर्षानुवर्षं फुगतात, भिजत घातलेल्या मटकीसारखे. कित्येकांची मापं खोटी ठरली, तेव्हा सिलिकॉन तेल आलं. तेलात कण आहे तेवढाच राहतो. तिनं तेल मागितलं, तेव्हा "जेलीवर भागव" असं सरच म्हणाले होते. आता साफ विसरले होते.

"शोधनिबंधात माझं नाव टाकणार ना, सर?"

"तू काय एवढं केलंस? आभारात बघू."

"तेलात लावल्या, सर," ती म्हणाली. जरासुद्धा अडखळली नाही.

निबंध आला. तळ्याकाठी चार हजार वर्षांपूर्वी ज्वारी पिकत होती म्हणे! वर छापलेलं, 'सर्व स्लाइड मी स्वतः तेलात तयार केल्या.' मेल्याला लाज कशी ती नाही!

लातूरच्या परिषदेत सरांनी सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड थेट पडद्यावर दाखवली. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आलिया मॅडम उठल्या, सुईनं वरची काच हलकेच दाबली.

"तेल असतं तर कण गरगर फिरले असते. हे हलतही नाहीत. ही जेली आहे, सर. तुमची ज्वारी म्हणजे फुगलेलं रानगवत असणार."

मागच्या रांगेत लुंबिनी दिसली, तसा सरांचा तोल गेला.

"हिनं सांगितलं तेल म्हणून! स्लाइड ह्या लुंबिनीनंच केल्यात सगळ्या!"

"मग 'मी स्वतः' असं का छापलंत?" मॅडमनी विचारलं.

लुंबिनी उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"हाव, मीच केल्या. खोटंबी मीच बोलले. माझं नाव तुमच्याच तोंडून निघायला पायजे होतं, सर. आज निघालं."