घाटमाथ्यावरची तपासणी

घाट उतरण्याआधी ट्रकचे ब्रेक फुकट तपासून देणारा मांडव त्या दुपारी ओस पडला होता. सक्ती नव्हती, म्हणून कुणी थांबत नव्हतं. मांडवाला लागूनच असलेल्या टपरीवर चहा घेत मी ते पाहत होतो. इतक्यात एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने आपणहून ट्रक आत वळवला.

मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला. "काका, ब्रेक उत्तम आहेत. मागच्या आठवड्यातही पाहिले होते की."

"गेल्या वर्षी धाकटा भाऊ शेजारी बसला होता," म्हातारा म्हणाला. "इथं आल्यावर म्हणाला, दादा, दाखवून घेऊ. मी थांबलो नाही. उतारावर ब्रेक लागलेच नाहीत. तो घाटातच गेला."

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आणखी एकदा बघता का?"

मेकॅनिक पुन्हा गाडीखाली शिरला. धड असलेल्या ब्रेकमध्ये म्हातारा काय शोधतोय, हे त्याला कळलं असावं.