गलबताचं सातवं कलम

"हे सात नंबरचं कलम हाय तोवर माझं पुस्तक छापायला जायचं नाय," ठाकूर बाई म्हणाल्या आणि हातातली पुस्तिका त्यांनी माझ्या टेबलावर पालथी घातली.

ठाकूर बाई रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या, शाळेत मराठी शिकवायच्या. एवढ्यासाठी रोह्याहून एसटीने पेणला आल्या होत्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेणला वकिली करत होतो. वाटण्या, कुळाच्या जमिनी, सातबाऱ्यावरची नावं. खेळाचा कागद जन्मात एकच केला आणि तोच अंगाशी आला.

खेळ सुधीर मोकलचा. सुधीर पेणचा, नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत. असले खेळ परदेशात खेळतात हे त्याने कुठेतरी वाचलं आणि स्वतःचा एक रचला. नाव ‘गलबत’. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण तांडेल, म्हणजे गलबताचा कप्तान, तो गोष्ट पुढे नेतो. बाकीचे खलाशी, व्यापारी, चोर, ज्याला जे व्हायचं ते. तांडेल म्हणतो, "गलबत धरमतरला लागलं, जकातवाला आडवा आलाय, काय करता?" मग प्रत्येकाने आपलं सांगायचं. जमलं की फसलं ते फासा सांगतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकतही नाही.

"मग संपतो कधी?" मी विचारलं होतं.

"शिफ्ट सुटल्यावर खेळतो. कंपनीची बस आली की संपला."

सुधीरने नियमांची पुस्तिका काढली. लोकांनी त्यावर आपापल्या गोष्टी लिहाव्यात, नियम आपल्या पुस्तकात छापावेत, त्याची हरकत नव्हती. तसं लिहून द्या म्हणून तो माझ्याकडे आला. आता खेळाची युक्ती कायद्याने कोणाच्या मालकीची नसते, पण ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द लिहिणाऱ्याचे. ते वापरायला त्याची परवानगी लागते. अशा परवानगीला आम्ही लायसन्स म्हणतो.

वकील नवा कागद शून्यातून लिहीत नाही. जुना फॉर्मॅट काढतो, नावं बदलतो. माझ्याकडे लायसन्सचा एकच फॉर्मॅट होता, खोली भाड्याने देण्याचा. लीव्ह अँड लायसन्स. तोच टायपिस्टला दिला. ‘खोली’च्या जागी ‘खेळ’ घाल म्हटलं. त्याने घातलं. त्यामुळे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कलम पाच असं छापलं गेलं, की परवानगी घेणाऱ्याने खेळाच्या भिंतीस खिळे ठोकू नयेत. त्यावर आख्खा रोहा हसला. सातव्या कलमावर कोणी हसलं नाही, कारण ते कोणी वाचलंच नव्हतं. त्यात होतं, की देणारा ही परवानगी कारण न देता, महिन्याच्या नोटिशीने रद्द करू शकेल.

वाचलं ते ठाकूर बाईंनी. त्यांनी ‘गलबत’च्या नियमांवर मिठागरातल्या चोरीची एक मोठी गोष्ट लिहिली होती. दोन मे महिन्यांच्या सुट्ट्या त्यात गेल्या होत्या.

"बाई, हे आपलं रिवाज म्हणून असतं. कोण वापरतंय?"

"वापरायचं नाय तर ठेवलंय कशाला?"

मी चहा मागवला.

त्याच आठवड्यात सुधीर पत्र घेऊन आला. मुंबईच्या एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीला ‘गलबत’ हवं होतं. रंगीत खोका, वर सुधीरचं नाव, दुकानादुकानांत. अट एकच, बाकी कोणी ते वापरता कामा नये.

"आपलं सातवं कलम हाय ना?" त्याने विचारलं.

"आहे की," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. चुकून राहिलेलं कलम अशिलाच्या कामी येतंय म्हणजे काय. ठाकूर बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो मी बाजूला सारला.

परवानगी रद्द करायच्या नोटिशीवर सही घ्यायला मी सुधीरच्या घरच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे गणपतींचा. सीझन होता, सुधीर रजा टाकून वडिलांच्या हाताखाली बसला होता. त्याचे वडील, आबा, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होते. अशा वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नाही. आम्ही हळू आवाजात बोलत होतो तरी त्यांनी सगळं ऐकलं. एक डोळा पुरा केला, ब्रश पाण्यात ठेवला.

"सुधीर, त्या बाईला तू साचा दिलास ना?"

"साचा नाय आबा, नियम."

"तेच ते. वकीलसाहेब, ह्या आळीत आम्ही एकमेकांना साचे देतो. माझ्या साच्यातनं काढलेला गणपती शेजारच्याच्या कारखान्यात बसलाय. माझ्याहून त्याचा जास्त खपतो. पण दिलेला साचा परत मागायला कोणी कोणाच्या दारात जात नाय. त्याने काढलेल्या मूर्ती काय फोडून टाकायच्या?"

"आणि त्याने वाईट काढल्या तर?" मी विचारलं.

"तर त्याच्या. माझ्या नावाने विकायच्या नाय, एवढंच."

आबा पुन्हा आखणीला बसले. सुधीरने मुंबईचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मला त्याचं वाईट वाटलं. खोक्यावरचं नाव त्याला मनापासून हवं होतं.

"नवीन कागद करा," तो शेवटी म्हणाला.

या वेळी फॉर्मॅट घेतला नाही. आबांच्याच बोलण्यावरून चार ओळी लिहिल्या. नियम कोणीही छापावेत, बदलावेत. मूळ खेळ सुधीरचा हे आत सांगावं. पुस्तकाच्या कव्हरवर त्याचं नाव घालून विकू नये. एकदा दिलेली परवानगी परत घेता येणार नाही. अट जमणार नाही असं कळवल्यावर मुंबईच्या कंपनीने पुन्हा पत्र पाठवलं नाही. ठाकूर बाईंचं पुस्तक निघालं.

वर्षभराने सुधीर तणतणत माझ्याकडे आला. हातात बाईंचं दुसरं पुस्तक. तांडेलाचा शब्द शेवटचा, हा त्याचा आवडता नियम बाईंनी बदलला होता. आता खलाशांनी हात वर केले की तांडेल उतरतो आणि दुसरा बसतो.

"खेळाची वाट लावली. नोटीस काढा."

मी कागद काढून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ती दोनदा वाचली.

"ही मीच लिहून दिली?"

"आबांच्या समोर."

पुस्तक काखेत मारून तो गेला. पुढच्या आठवड्यात बाजारात भेटला. म्हटलं, राग गेला का?

"परवा बाईंच्या नियमाने खेळलो," तो म्हणाला. "अर्ध्या तासात मला उतरवला."

"मग?"

"मग काय, खलाशी झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मजा आली."

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. माणूस राजी असेल तेव्हाच त्याच्याकडून कागद करून घेतो, कारण त्या कागदाची गरज तो रागावल्यावर पडते. आणि खोलीचा फॉर्मॅट फक्त खोलीला वापरतो.