काचेबाहेरची खुर्ची

समाजकल्याणाच्या त्या सरकारी कचेरीत बाईंना सगळे तोफ म्हणत. बाईंचा आवाज मुळात तसा नव्हता. इतकी वर्षं त्या टेबलावर बसून साध्या आवाजात लोकांची कामं करत आल्या होत्या. मग वरून हुकूम आला आणि टेबलापुढे जाड काच बसली. काचेला खाली एक भोक. बाहेरच्यानं कमरेत वाकायचं, आतल्यानं घसा फाडायचा, आणि याला म्हणे सुधारणा! बाई घरीसुद्धा ओरडून मीठ मागू लागल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला अजून ऐकू येतं."

त्या दिवशी एक तरुण पोरगी भोकाशी वाकली. तिला दरमहाची मदत हवी होती, पण कशापायी ते तोंडातून निघेना. बाईंनी विचारलं, "परित्यक्ता का?" तिला तो सरकारी शब्द कळला नाही. मागे रांग ताटकळलेली. बाईंनी शब्द सोपा केला आणि सवयीनं खच्चून विचारलं, "नवऱ्यानं टाकलंय का?"

अख्ख्या हॉलच्या माना वळल्या. कोणीतरी फिसकन हसलं. पोरगी कागद तिथंच सोडून दाराकडे चालू लागली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तडक बाहेर आल्या, आपली खुर्ची ओढतच. पोरीला त्यांनी दाराशी गाठलं.

"ओरडले मी, आणि मान तू का खाली घालतेस? हक्काची मदत आहे तुझी. सोडून जाऊ नकोस."

तिला कोपऱ्यातल्या बाकावर बसवून बाईंनी समोर खुर्ची टाकली. तेवढ्यात शिपायानं आत वर्दी दिली आणि साहेब काचेमागे येऊन उभे राहिले. भोकाशी वाकून म्हणाले, "बाई, आधी आत या!"

"ऐकू येत नाही, साहेब. बाहेर या."

चांगलं स्वच्छ ऐकू आलं होतं. रांगेत खसखस पिकली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं गरजले, "बदली करीन तुमची! लांब टाकीन!"

बाईंना आधी घर आठवलं. सासूबाईंना कोणाच्या भरवशावर ठेवायचं? साहेब बोलतात ते करतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पोरगी पुन्हा उठायच्या बेतात होती. बाईंनी तिचा हात धरला.

"खुशाल करा. फक्त कारण खरं लिहा, साहेब. ही बाई माणसांशी माणसासारखं बोलते, असं लिहा."

मग त्यांनी काचेकडे सरळ पाठ केली आणि खुर्ची बाकाला भिडवली.

"हं, बोल आता. हळूच बोल."

पोरगी बोलली. रडली, थांबली, पुन्हा बोलली. रांगेनं कान टवकारले होते, पण तिसऱ्या माणसाला एक अक्षर ऐकू गेलं नाही.