पुसून आणलेला मोबाइल

वडगावला सातबारा काढायला गेलो होतो. तिथे अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलापाशी एक मावशी मोबाइल प्रसादाच्या पुडीसारखा पदरात धरून उभी होती. तिच्या नातीला कुणीतरी रोज घाणेरडे मेसेज पाठवत होतं, त्याची तक्रार सरकारकडे करायची होती.

"मेसेज दाखवा, मावशी," अर्जवाला म्हणाला.

"पुसलं की समदं! असली घाण घिऊन सरकारच्या दारात यायचं व्हय?"

मी तर खो खो हसायच्या तयारीत! अर्जवाल्यानं मात्र कपाळाला हात लावला. "अहो, तोच पुरावा होता!"

मावशीचा अंगठा रिकाम्या पडद्यावर फिरत राहिला.

"पोरगी चार दिस जेवली न्हाई, त्ये लिवा. तेवडं पुरंल न्हवं सरकारला?"

अर्जवाल्यानं मान खाली घालून लिहायला घेतलं.