समोरच्या वकिलाचं नाव

ती घटना आजही आठवली की आधी थकवाच येतो. तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिथल्या चौकात वरात अडकली तर नवरदेव थेट बारशालाच पोचायचा! ती वाहतूक मोकळी करून जरा टेकलो, तोच खबर आली: वकिलाच्या ऑफिसात एक माणूस पाना घेऊन घुसलाय.

त्याला आणला. पाना डाव्या हातात, कारण उजव्या हाताची बोटं कंपनीतल्या प्रेस मशीनने नेलेली. मागोमाग वकीलसाहेब आले, घामाने असे निथळत की फरशी पुसायची गरज राहिली नाही.

"साहेब, जिवावर उठलाय हा!"

"कोन उठलंय? नुसतं इचारलं, माज्या भरपाईच्या केसचं काय झालं? दर तारखेला कोर्टात जातो. हे आत जात्यात, मी टपरीवर बसतो. भाईर येऊन म्हनत्यात, पुढची तारीख पडली."

यात मला काहीच खटकलं नाही. निम्मा जिल्हा टपरीवर बसूनच न्याय मागतो. जबाब घ्यायला हवालदार बसले. कोर्टाच्या पैरवीत, म्हणजे ठाण्याच्या केसेसच्या तारखा सांभाळण्यात, त्यांची उभी नोकरी गेली होती. तिथल्या बाकांना त्यांचाच आकार आला होता म्हणा ना. त्यांनी लिहिता लिहिता सहज विचारलं, "कंपनीचा वकील कसाय, भाऊ?"

"कुनाचा?"

"समोरच्या पार्टीचा, राव."

"त्यो न्हाई बघितला कधी."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. पक्षकार स्वतःच्या वकिलाचं आडनाव विसरेल, पण समोरच्या वकिलाला टकलापासून चपलेपर्यंत शिव्या घालतो. याच्याकडे शिवी द्यायला माणूसच नव्हता.

वकिलांना आत नेलं. हात लावला नाही. ठाण्याचा चहा पाजला, तेवढा पुरतो. मग मी विचारलं, "समोरून कोण उभं राहतं, साहेब?"

त्यांनी कपातल्या चहाकडे बघतच सांगितलं, "केस दाखलच नाही झाली. माझ्याकडून मुदत टळली. सांगायची हिंमत होईना, म्हणून तारखा देत गेलो."

बाहेर ते कळल्यावर कामगाराने विचारलं, "मंग मी टपरीवर कशाची वाट बघत हुतो?"

त्याचं उत्तर फौजदारी कायद्यात नव्हतं. हवालदार म्हणाले, "उशीर माफ करायचा अर्ज करता येतो. कारण पटलं पाहिजे फक्त. आणि कारण तर आत बसून चहा पितंय."

कामगाराने फसवणुकीची तक्रार दिली. वकिलांनीही शेवटी आपली चूक प्रतिज्ञापत्रावर कबूल केली. नव्या वकिलाने अर्ज लावला, कोर्टाने उशीर माफ केला.

सराईत गुन्हेगारांनी मला कधी दमवलं नाही. दमवलं ते एक चूक करून घाबरलेल्या सभ्य माणसांनी. चूक कबूल करायला पाच मिनिटं लागतात. ती झाकायला ते दुसऱ्याचं आयुष्य खर्ची घालतात.

काही महिन्यांनी तो कामगार ठाण्यात आला, रागाने लालबुंद. "साहेब, कंपनीचा वकील लई बेनं हाय! म्हनतो, बोटं माज्याच चुकीनं गेली!"

हवालदारांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा भाऊ. आता लागली तुमची केस."